बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

आमच्या घराण्यात जमीन थोडी, आंब्याची कलमे त्याहून थोडी. पण 'जावे की राहावे' हा प्रश्न मात्र वडिलोपार्जित. आजोबांना तो १९४६ साली पडला, वडिलांना १९८३ साली, आणि मला यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या श्रावणात. आजोबा मालवणच्या बंदरात पडावातून आगबोटीवर चढले आणि परळच्या एका गिरणीत साचेवाले झाले. वडील सहारच्या विमानतळावरून कुवेतला गेले आणि तिथे वातानुकूलनाच्या यंत्रांचे फिटर झाले. मी वैमानिक आहे. म्हणजे कसे जावे हा प्रश्न मला नव्हता. तेवढा एक भाग आमच्या घराण्याने तीन पिढ्यांत सोडवला होता. बाकीचा प्रश्न जसाच्या तसा.

पत्र दुबईहून आले. पत्र म्हणजे टपालवाल्याने दारात टाकलेला लिफाफा नव्हे. रात्री साडेअकराला पाटण्याहून विमान घेऊन परतलो होतो, घरी येऊन बूट काढत होतो, तेवढ्यात फोन किणकिणला. तीन महिन्यांपूर्वी मी तिथे निवडीच्या परीक्षेला जाऊन आलो होतो. 'सहज, बघू तरी' म्हणून. माणूस 'सहज' म्हणून ज्या गोष्टी करतो त्यांची कोणी यादी केली, तर संसारातले बहुतेक घोटाळे तीत सापडतील. पत्रात पगाराचा आकडा होता, घरभाडे होते, मुलांच्या शाळेच्या फीचा काही भाग होता, बेचाळीस दिवसांची रजा होती, आणि सर्वांत शेवटी एक साधे वाक्य होते: एकवीस दिवसांत होकार कळवावा.

आमच्या धंद्यातली एक गोम इथेच सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. विमानाच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या, उजवीकडच्याच्या खांद्यावर तीन. मी २०१२ पासून डावीकडे बसतो. बारा हजारांच्या वर तास उडालो आहे. पण प्रत्येक कंपनीची ज्येष्ठतेची यादी असते, आणि ती यादी म्हणजे लग्नातली पंगत आहे. उशिरा आलेल्याने शेवटच्या पानावर बसायचे, मग तो गावचा पाटील का असेना. कोणाला आधी रजा, कोणाला कुठला मार्ग, कोणाला डावी खुर्ची, हे पुष्कळसे त्या यादीवरून ठरते. नव्या ठिकाणी मला उजवीकडे बसायचे होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी एक पट्टी उतरवायची, आणि कदाचित माझ्याहून दहा वर्षांनी लहान कॅप्टनला 'चाके खाली घेऊ का?' असे विचारायचे.

त्याच्या बदल्यात काय, तर मोठे विमान. आज मी जे एअरबस चालवतो ते उड्डाणाच्या वेळी फार तर ७८ टनांचे असते. बोइंगचे ७७७ जातीचे मोठे विमान ३५१ टनांपर्यंत जाते. आमचे विमान पाटणा, गुवाहाटी, कोची करून रात्री घरी येते. ते संध्याकाळी उठते आणि महासागर ओलांडून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडात उतरते. हे सगळे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. स्वतःशीही फारसे बोललो नाही. सगळ्यांना मी पगाराचा आकडा दाखवला.

आमची ही बँकेत आहे. तिने फुलस्केपचा कागद घेतला आणि मधोमध उभी रेघ मारली. तिकडे वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, हे खरे. पण तिकडची घरभाडी, तिकडच्या शाळांच्या फिया, वर्षातून दोनदा गावी येण्याची तिकिटे, आणि सतरा वर्षे चालवलेली तिची स्वतःची नोकरी? ती म्हणाली, "तुझ्या पगारात जी वाढ दिसते, तिच्यातून माझा पगार वजा कर. मग बोलू." वजा केला. वाढ राहिली, पण ज्या वाढीला पाहून मी रात्री बारा वाजता तिला उठवले होते, ती ही नव्हे.

मग तिने खरा प्रश्न विचारला. लग्नाला सतरा वर्षे झाल्यामुळे तिला आमच्या धंद्याची परिभाषा चांगली येते. विमानात इंधन नुसते मुक्कामापुरते भरत नाहीत. वाटेत लागणारे भरतात, त्यावर शेकडा पाच जास्त घेतात, मुक्कामी उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचेल एवढे घेतात, आणि त्याही वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे ठेवतात. ती म्हणाली, "अरे, पाटण्याला जाताना तू वाराणसीपुरतं तेल घेतोस. मग आपल्या चौघांचं वाराणसी कोणतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिकडे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी वैद्यकीय तपासणीला बांधलेली. ठरलेल्या मुदतीने डॉक्टर कान, डोळे, हृदय तपासतात. एखाद्या आलेखातली रेघ त्यांच्या मनासारखी आली नाही, तर वैमानिक जमिनीवर येतो. इथे जमिनीवर आला तर तो निदान आपल्या जमिनीवर असतो. तिकडे नोकरी गेली की थोड्या मुदतीत घर, शाळा, मोटार, सगळे आवरून निघायचे.

आणि हे काही कल्पनेतले संकट नव्हे. माझा एक मित्र आखातात दुसऱ्या एका कंपनीत होता. २०२० च्या साथीत जगभरची विमाने जमिनीला खिळली, आणि त्याला एके दिवशी पत्र मिळाले. परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी आपल्या सरकारने ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' नावाने विमाने सोडली होती. आयुष्यभर पुढच्या खोलीत बसलेला हा गृहस्थ त्यातल्या एका विमानात मागे, तोंडाला पट्टी लावून, बायकोमुलांसह बसून आला. आता तो इथे पुन्हा उजव्या खुर्चीत आहे; म्हणजे त्याची पंगत दोनदा चुकली. मी त्याला फोन केला. मला वाटले, तो 'जाऊ नको' म्हणेल. तो तसे काही म्हणाला नाही. पगार, परवाने, घर यांच्याबद्दल त्याने पाच मिनिटांत सांगून टाकले. मग म्हणाला, "मुलांच्या सायकली विकल्या ना, ते फार वाईट वाटलं. पाच हजाराच्या सायकली. पण घेणारा माणूस जिन्यातून त्या उतरवत होता आणि धाकटा घंटी वाजवत होता."

परदेशी वैमानिक म्हणजे काय हे मी तसे पहिल्यापासून पाहिले आहे, फक्त उलट्या बाजूने. २००५ च्या सुमारास आपल्याकडे विमान कंपन्यांचे पेव फुटले. विमाने आली, पण ती चालवायला कॅप्टन पुरेनात. मग जगभरचे कॅप्टन तात्पुरत्या परवान्यावर इथे आले. रशियन, फ्रेंच, इंडोनेशियन. मी नवखा होतो, आणि माझी पहिली दोन वर्षे बहुतेक यांच्या उजवीकडे बसून गेली. त्यातला एक ब्राझीलचा होता. ब्राझीलची जुनी, नावाजलेली 'वारिग' कंपनी डबघाईला येऊन २००६ साली विकली गेली, आणि तिथले कितीतरी वैमानिक पोटासाठी जगभर पांगले. हा त्यांपैकी एक. वयाने पन्नाशीचा, हाताला उत्तम, बोलायला गोड. सहा आठवडे मुंबईत हॉटेलात राहायचे आणि दोन आठवडे घरी जायचे, असा त्याचा करार. त्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे असत. उजव्या हातावर साओ पाउलोची वेळ. ती आपल्यापेक्षा साडेआठ तासांनी मागे. म्हणजे त्याची मुलगी सकाळी शाळेला निघे तेव्हा हा दुपारचे नागपूर करून आलेला असे, आणि ती संध्याकाळी घरी येई तेव्हा याची मध्यरात्र उलटलेली असे. तो गजर लावून रात्री दीडला उठे, तिचा गृहपाठ ऐके, आणि पुन्हा झोपे. एकदा भोपाळवर असताना मी त्याला भाबडेपणाने विचारले, "कॅप्टन, तुम्हांला भारत आवडतो का?" तो हसून म्हणाला, "हॉटेल फार चांगलं आहे."

तीन वर्षे तो इथे होता. त्याला दहीभात आवडू लागला होता, 'चला' आणि 'बास' हे दोन शब्द तो बिनचूक वापरी. पण मुंबईत त्याने हॉटेल, विमानतळ आणि त्यांच्यामधला रस्ता याखेरीज काही पाहिल्याचे मला आठवत नाही. तेव्हा मला त्याची गंमत वाटे. आता पत्र हातात घेऊन बसलो असताना मला त्या उजव्या हातावरच्या घड्याळाची आठवण होऊ लागली. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

याच सुमारास कागदपत्रांचे प्रकरण सुरू झाले. बायकोमुलांना न्यायचे तर लग्नाचा दाखला हवा, आणि त्यावर राज्य सरकारचा, दिल्लीचा आणि मग त्यांच्या वकिलातीचा शिक्का हवा. आमचे लग्न २००८ साली चारशे माणसांच्या साक्षीने झाले; पण त्याची सरकारदरबारी नोंद करायची राहूनच गेली होती. म्हणजे सतरा वर्षे, दोन मुले आणि एक गृहकर्ज एवढा पुरावा असूनही आम्ही कागदावर एकमेकांचे कोणी नव्हतो. नोंदणीच्या कचेरीत लग्नपत्रिका मागितली, तीन साक्षीदार मागितले, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही मागितली. गुरुजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे, मुक्काम कणकवली. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, "कशासाठी? काही बिनसलंय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी समाधानाने सही केली आणि वर दक्षिणाही घेतली. ही बाहेर आल्यावर म्हणाली, "चला, जाणं झालं नाही तरी लग्न पक्कं झालं."

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. सोसायटीतल्या काकांनी तिकडच्या उन्हाचे वर्णन केले. ते तिथे कधी गेलेले नाहीत. हिच्या मामांनी सोन्याचा भाव सांगितला. माझ्या बरोबरीच्या कॅप्टनांत दोन तट पडले, पण मला असे दिसले की, जे जाऊन आले ते 'जाऊ नको' म्हणत नव्हते आणि जे गेले नाहीत ते 'जा' म्हणत नव्हते. प्रत्येक जण आपल्याच निवाड्याची तरफदारी करीत होता. तेवढ्यात गणपती आले.

आता वडिलांचे सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते आजोबांच्याच गिरणीत यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होते. मी तेव्हा अंगावर पिणारा. संप संपला असे कोणी जाहीर केले नाही. तो नुसताच विरत गेला, आणि गिरणी पुन्हा पहिल्यासारखी चालू झाली नाही. दीड वर्ष वाट पाहून वडील कुवेतला गेले. कोकणाला आखात काही नवे नव्हते. खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतली माणसे पिढ्यान्पिढ्या तिकडे जात. एके काळी त्या बंदरांत आपलाच रुपया चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, 'झेड' अक्षराने क्रमांक सुरू होणाऱ्या. दुबईत त्या १९६६ पर्यंत चालल्या. त्यातली एक लाल दहाची नोट आमच्या शेजारच्या घरी होती, आणि ती पाहून लहानपणी मला वाटे की, कुवेत हे रत्नागिरीच्या पलीकडे कुठेतरी असावे.

वडील दोन वर्षांतून एकदा येत. पहिल्यांदा आले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि मी त्यांना 'काका' म्हटले. घरात सगळे हसले. आई हसली नाही, एवढे मला आठवते. किंवा कदाचित पुढे कोणी सांगितले म्हणून आठवते. पत्रे लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते कॅसेट पाठवीत. गावी येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून ती येई. आम्ही शेजारच्या टेपरेकॉर्डरवर ती ऐकत असू, आणि दुसऱ्या कॅसेटवर आमचे बोलणे भरून परत पाठवीत असू. मी पाढे म्हणत असे, 'काय हवे' ते सांगत असे.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले. सात आठवडे वडिलांचा पत्ता नव्हता. मग कळले की, माणसे बसने बगदादवरून जॉर्डनला येत आहेत आणि अम्मानहून एअर इंडियाची विमाने त्यांना मुंबईला आणत आहेत. त्या वेळी एक लाखाहून अधिक भारतीय असे परत आणले गेले. आई मला घेऊन एस्टीने मुंबईला आली. कुठले विमान, कुठला दिवस, काही ठाऊक नाही. आम्ही दोन रात्री सहारच्या विमानतळाबाहेर बसलो. विमान येई, दारातून माणसे येत, आई प्रत्येकाचे तोंड पाही, आणि मी त्या कंटाळ्यात विमाने पाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वडील आले. हातात एक कापडी पिशवी, दाढी वाढलेली. मी या खेपेला 'काका' म्हणालो नाही. मला वैमानिक का व्हावेसे वाटले असे लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी सांगतो. पण खरे पाहता वडिलांना आणून दिले ते त्या यंत्राने, एवढेच माझ्या डोक्यात तेव्हा बसले होते.

त्यांची बचत तिकडच्या बँकेत राहिली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या नुकसानभरपाई आयोगाने कुवेत सोडावे लागलेल्यांना पैसे दिले. वडिलांच्या वाट्याला चार हजार डॉलर टप्प्याटप्प्याने आले, आणि माझ्या उड्डाणशाळेचा पहिला हप्ता त्यातूनच गेला. बाकीच्यासाठी कलमे गहाण पडली. वडिलांनी नंतर मालवणात मोटारी वाइंडिंग करण्याचे छोटे दुकान काढले, आणि कुवेतचा विषय घरात कधी काढला नाही. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा मी गुवाहाटीला होतो. तिथून मुंबई, मुंबईहून गोवा, गोव्याहून गाडीने घर. पोचायला वीस तास लागले. मुलाने परदेशी असू नये, वेळप्रसंगी उपयोगी पडत नाही, असे जे म्हणतात, त्यांना मला हे सांगावेसे वाटते. मी तर देशातच होतो.

गणपतीला मी घरी गेलो. गणपतीची रजा मला मिळते ती ज्येष्ठतेच्या यादीत वर आहे म्हणून. तिकडे शेवटच्या पानावर बसल्यावर ती कधी मिळणार होती देव जाणे. पाचव्या दिवशी विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी माळ्यावर मखराचे सामान ठेवताना मला वडिलांची पत्र्याची पेटी दिसली. तीत अकरा कॅसेट होत्या. भजनी मंडळाकडे एक जुना टेपरेकॉर्डर अजून चालतो, तो मागून आणला.

काय ऐकायला मिळेल असे मला वाटले होते कोण जाणे. वडील बोलत होते ते असे: हयसर सगळा बरा आसा. उकडता खूप. तांदूळ आपल्यासारको गावता, पण महाग. अमक्याकडे साबण पाठवले आहेत, मोजून घ्या. झिलाक सांगा अभ्यास कर. हे सगळे पाच-सात मिनिटांत संपे. मग ते म्हणत, "आता काय सांगू..." आणि थांबत. पण यंत्र बंद करीत नसत. कॅसेटची बाजू फुकट जाऊ नये असे त्यांना वाटे की काय, ठाऊक नाही. पुढे वीस-वीस मिनिटे नुसता वातानुकूलन यंत्राचा घरघराट, मधेच चमचा भांड्याला लागल्याचा आवाज, पलीकडे कोणीतरी मल्याळम बोलते आहे, एकदा खोकला. आमच्या कॅसेट, माझ्या पाढ्यांच्या, त्या तिकडेच राहिल्या. पेटीत होता तो निम्माच संवाद.

आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिलाही आत सगळे ऐकू येत होते. मी बाहेर येऊन बसलो, तशी तिने मान वर न करता विचारले, "पगार कमी पडता काय?"

"नाय."

"घराचे हप्ते?"

"तीन वर्सांत फिटतले."

"पोरांच्या शाळेचा?"

"भागता."

"मगे कित्याक जातंस?"

मी पुष्कळ बोललो. मुलांचे पुढचे शिक्षण, निवृत्ती, रुपयाची किंमत, पासष्टाव्या वर्षी सुटणारे विमान. हिच्या फुलस्केपवरचे डावीकडचे सगळे रकाने मी आईपुढे वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत राहिली. शेवटी बोलायचे सगळे संपले आणि मी म्हणालो, "माका मोठा इमान चालवचा आसा."

"तसा सांग मगे," ती म्हणाली. "पोरांच्या नावार कित्याक घालतंस?"

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुझ्या बापाशीक जावचा लागला. तुका जावचा आसा. तेका मी अडवलंय नाय, तुका खंय अडवतलंय? पण एकटो जाव नको."

रात्री मी मुंबईला फोन करून हिला हे सांगितले. ही थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "कागदाच्या खाली बघ. एक ओळ मी मोकळी सोडली होती. तू भरशील म्हणून." मी कागद बरोबर आणला होता. सगळ्यात तळाशी तिच्या बारीक अक्षरात 'तुझी हौस' असे लिहिलेले होते आणि पुढे दोन्ही रकाने रिकामे होते. मी तो कागद वीस वेळा पाहिला असेन. पण माझे लक्ष बेरजेकडे.

पुढचे सौदे तिने केले. बँकेत स्त्री-कर्मचाऱ्यांना दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळू शकते. ती घ्यायची, राजीनामा द्यायचा नाही. मुंबईची जागा विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही, कुलूप लावून ठेवायची. "ते आपलं वाराणसी," ती म्हणाली. शिकाऊ काळात मी एकट्याने राहायचे, पण तो संपून जी पहिली एप्रिलची शाळा सुरू होईल तिला मुले तिकडे. दोन वर्षांनी चौघांपैकी दोघे जरी 'नको' म्हणाले तरी परत. मुलगा सातवीत आहे, मुलगी तिसरीत. मतांची बरोबरी झाली तर आई ठरवील. मुलाने विचारले की, तिकडे क्रिकेट असते का. असते म्हटल्यावर त्याने पाठिंबा दिला. मुलीने अजून मत राखून ठेवले आहे.

मुदतीच्या दोन दिवस आधी मी होकार कळवला, आणि इथे राजीनामा दिला. आपल्याकडे २०१७ मध्ये असा नियम झाला की, कॅप्टनने नोकरी सोडायची तर वर्षभर आधी सांगायचे. पूर्वी मी या नियमाला शिव्या देत असे. आता तो मला बरा वाटतो. आणखी वर्षभर मी डावीकडे बसेन. परवा एक नवा मुलगा उजवीकडे होता, पहिलाच महिना. उतरताना त्याचा आवाज थोडा कापत होता. मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले असावे, कारण उतरल्यावर त्याने विचारले, "सर, काही चुकलं का?" मी म्हटले, "नाही रे. खुर्ची कशी आहे ते बघत होतो."

नवरात्रात आईचा फोन आला. इकडचे तिकडचे झाले, भाताचे झाले, चुलत्यांच्या गाईचे झाले. मग तिने विचारले, "दुबईसून कुवेत किती लांब?"

मी म्हटले, "इमानान पावणेदोन तास."

ती काही बोलली नाही. मला वाटले फोन तुटला. नंतर ती म्हणाली, "पासपोर्टाक फोटो कसलो लागता? साडी खंयची नेसू?"